माझा नंबर तुम्ही घ्या

तीर्थरूप मावशीस पदवीधर भाचीचा साष्टांग नमस्कार. (पदवीधर हा शब्द बाबांनी पाठीमागे उभं राहून घालायला लावला. दुकानात कापड बेततात तसं ते माझं पत्रही बेततात. आता जेवायला गेलेत, तेव्हा मोकळेपणानं लिहिते.) तुझा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर आधी मला कळव, मग काकांना. म्हणजे मी वेळेवर काळजीला लागेन.

तर, नकाशे काढणारा तो, ज्याच्याशी माझं ठरलंय, महिनाभर भेटायचं नाही असं सांगून गेलाय. झालं एवढंच, की त्यानं चहा की कॉफी विचारलं आणि मी म्हटलं, तू घेशील ते. त्याला त्या दिवशी काहीच नको होतं, म्हणून मलाही नको झालं, आणि उपाशीपोटी चक्कर आली. त्याला सर्दी झाली की मी वाफ घेते, हे पूर्वी त्याला गोड वाटायचं. आता म्हणाला, "तुझ्याशी बोलताना मला माझाच आवाज ऐकू येतो. तुला काय हवंय ते एकदा ठरव, मग भेटू." मी म्हटलं, तू सांगशील ते ठरवते. तो उठूनच गेला.

मग मी खूप वाचलं (शिक्षणाचा एवढा तरी उपयोग). दुसऱ्यात असं साखरेसारखं विरघळून जाण्यावर उपाय असतो, त्यासाठी समुपदेशक गाठावा लागतो. कोणता गाठू, हे मी साहजिकच त्यालाच विचारलं. उत्तर आलं नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः निवड केली. एका बाईंच्या दारावरची पाटी जरा एकटी वाटली, म्हणून त्या.

मावशी, त्यांची बाहेरची खोली मला झोपेतही दिसते. पांढरे पडदे, वेताच्या खुर्च्या, काचेच्या पेटीत एकच मासा. दुपारी पडद्यांत वारा भरला की अख्खी खोली हलकेच कुठंतरी निघाल्यासारखी वाटते, मासा आणि आम्ही सगळे तिच्यात बसून. अशा ठिकाणी कुणी रडत आलं तर त्याला ताटकळत ठेवणं मला जमेना. पहिल्या खेपेला एका शिक्षिकेला म्हटलं, माझा नंबर तुम्ही घ्या. पुढच्या खेपेला एका बस ड्रायव्हरला, मग त्याच्या सासूला. नंबर दिला की त्यांचं ऐकून घेणं आलंच. हळूहळू लोक लवकर येऊन माझ्या शेजारची खुर्ची धरू लागले. (ड्रायव्हर तर आत न जाताच बरा होऊन गेला.) मला वाटायचं, असंच एका खुर्चीवरून जग सुधारत जाईल. आतल्या दाराला मात्र माझा हातही लागला नव्हता.

काल त्या बाईच बाहेर आल्या. म्हणाल्या, हल्ली माणसं रडणं आटपूनच आत येतात आणि मला जांभया देत बसावं लागतं. मी घाबरून विचारलं, दमलात का, पाणी आणू?

त्या माझ्या शेजारी बसल्या. "मला पाणी नकोय. तुम्हाला काय हवंय?"

पडदे फुगले, खोली निघाली. मी माशाकडे पाहिलं. त्याला काय हवं असेल ते लगेच सुचलं. माझं काही सुचेना. मग फार लांबून, पाण्याखालून यावा तसा एक आवाज आला. "कॉफी. साखर जास्त." आवाज माझाच होता. मावशी, मला कॉफी आवडते. तुला माहीत होतं का?

बाईंनी सोमवार दुपारचा नंबर दिलाय आणि तो कुणालाही द्यायचा नाही असं बजावलंय.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, गुडघ्याला दोन्ही.

तुझी,
भाची

ता. क. : खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. सोमवारी दुपारी बाबांना फोन कर आणि बोलण्यात गुंतवून ठेव. नाहीतर सुई कुठंय विचारायला ते मला फोन करतात, आणि सुई त्यांच्या सदऱ्यालाच टोचलेली असते.

आणखी ता. क. : आत्ताच त्याचा निरोप आला. सोमवारी दुपारी भेटायचं म्हणतोय. मी कळवलं, सोमवारी जमणार नाही, मंगळवारी कॉफी प्यायला ये. तो काय घेणार, ते विचारलं नाही. बरोबर केलं ना? लगेच कळव.

शेवटचा ता. क. : वरच्याचं उत्तर देऊ नकोस. गुडघ्याचं तेवढं कळव.