चंद्रकळेतलं मीठ

अक्कलकोट, ता. १२ मार्च १९३४

प्रिय रुद्रप्पा,

माझं अक्षर तू ओळखशीलच. चौथीपर्यंत आपण शेजारी बसलो. पुढे तू इंग्रजी शिकलास आणि मी वडिलांच्या मागे रंगाच्या हौदावर गेलो. सोलापुरात रंगखाना काढलास तेव्हा तू स्वतः मला बोलवायला आलास. "हात तुझा, नाव माझं," म्हणालास. त्या शब्दावर मी बारा वर्षं नखं काळी करून घेतली.

काळ्या रंगाचं सगळं कसब क्लोरेटमध्ये, हे तुला मीच शिकवलं. आपण त्याला पांढरं मीठ म्हणायचो. हौदातून सूत हिरवट निघतं. उबेच्या खोलीत हेच मीठ त्याला काळं करतं. त्याचं पाणी अंगावर उडायचं, धोतरावर वाळायचं. संध्याकाळी धोतर खळबळून घ्यायला आम्ही पाणी मागितलं की तू म्हणायचास, "विहीर आटलीय, घरी जाऊन धुवा की."

घरी तरी पाणी कुठलं होतं? गेल्या वैशाखात माझी कारभारीण बसव्वा सकाळी भाकऱ्या थापत होती आणि माझं धोतर चुलीवरच्या दोरीवर होतं. एक ठिणगी उडाली. धोतर कापडासारखं पेटलंच नाही रे, दारूच्या बाणासारखं फुरफुरलं. तिने ते ओढून विझवायला घेतलं आणि तिचं लुगडं पेटलं. तीन दिवस ती होती. तू मातीला आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "चुलीजवळ कपडे ठेवू नयेत, कल्लप्पा." मला ते पटलं. महिनाभर मी स्वतःलाच शिव्या दिल्या.

आषाढात घसा धरला म्हणून दवाखान्यात गेलो. आबासाहेब कंपाउंडरांनी गुळण्यांना पांढरी भुकटी दिली. जिभेवर ठेवताच मी ओळखली. "हे तर आमच्या हौदातलं मीठ हाय," म्हटलं, तर ते दचकले. "गुळणीला ठीक आहे. पण कपड्यात वाळलं तर ठिणगी पुरते. पिंपावर छापलेलं असतं की!" दुसऱ्या दिवशी मी पिंपावरचा कागद सोलून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचून दाखवला: अंगावरचे कपडे रोज पाण्यात धुवावेत, विस्तवापासून दूर ठेवावेत. रुद्रप्पा, पहिलं पिंप आलं त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, काय लिहिलंय? तू वाचलंस आणि म्हणालास, "कंपनीचा पत्ता." माणशी दोन बादल्या पाणी वाचवायला तू पत्ता म्हणालास.

त्या दिवशी तुझा गळा धरता आला असता. मी कामावर आलो. दिवाळीनंतर संक्रांतीच्या काळ्या लुगड्यांचं, चंद्रकळांचं सूत सुरू झालं तेव्हा प्रत्येक हौदात मी मीठ वाढवलं आणि सूत उबेत जास्त ठेवलं. जास्त मिठाने काळा खुलतो, धागा मात्र आतून जळतो. तू सुताची लडी उन्हात धरून पाहिलीस. "असा काळा सोलापुरात कुणाचा न्हाय!" म्हणालास आणि विणलेल्या चंद्रकळांच्या काठावर स्वतःच्या नावाची छाप मारायला सांगितलीस. मी मान हलवली. तेवढं सुख मला बसव्वा गेल्यापासून झालं नव्हतं.

चंद्रकळा पुण्याला गेल्या, नगरला गेल्या, हुबळीला गेल्या. पौष सरायच्या आत त्या घड्यांवर फाटू लागल्या. संक्रांत झाली आणि मी काम सोडून अक्कलकोटला आलो. इथे बाजारात एका बाईची चंद्रकळा बसता बसता मांडीवर फाटली. ती पदराने झाकत रडत गेली. तिचं पाप माझ्याकडे आहे, ते मी नाकारत नाही. पण काठावर नाव तुझं होतं.

काल आपल्याकडे सूत आणणारा चनमल्लप्पा भेटला. तू सूत खराब आणल्याचा आळ घेऊन त्याला काढलंस म्हणे, आणि संध्याकाळी देवळात बसून साडेसाती संपायची वाट बघतोस. म्हणून हे पत्र. चनमल्लप्पाला परत घे. सुतात काही खोट नव्हती. ग्रहांचंही काही देणंघेणं नाही. तू फौजदाराला घेऊन ये, मी इथेच आहे, मागच्या पेठेत कुणीही घर दाखवेल. पण तोपर्यंत रोज उठल्यावर तुला ठाऊक असू दे की तुझं नाव कुणी फाडलं आणि कुणासाठी. ते न कळता तू म्हातारा झाला असतास, तर माझं काम अर्धंच राहिलं असतं.

तुझाच,
कल्लप्पा