भावोजींचं वजन

दि. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी सुखरूप पोचले. वाटेत खायला म्हणून तू दिलेला डबा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, गाडी सुटायच्या आधीच संपला. आल्या आल्या ते कपडेही न बदलता धक्क्यावर गेले आणि बाबांच्या बोटीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी हाक मारली नाही.

तू लिहिलंस ते माझ्यापाशीच आहे. बाबा आपल्या वजनापायी गेले, हे त्यांच्या मनातून वर्षभरात हललेलं नाही. डॉक्टर सांगून थकले की घरात खुर्चीत बसले असते तरी बाबांचं हृदय त्याच दिवशी थांबलं असतं. पण बाबा गेले ते भावोजींना पाण्यावरचं स्की शिकवताना, गळाभर पाण्यात त्यांना मागून धरून उभे असताना, त्याला कोण काय करणार? आता ते एकच म्हणतात. त्याच तलावात, बाबांच्याच बोटीमागे एकदा स्कीच्या फळ्यांवर उभं राहायचं. मग म्हणे झोप येईल.

आपलं इंजिन म्हणजे मुंगीने मुंगळा ओढावा तसं. पलीकडच्या धक्क्यावरचा बोटवाला त्याची मोठी बोट द्यायला तयार आहे, पण भावोजी ऐकत नाहीत. म्हणून मी सगळ्यांत रुंद फळ्या काढल्यात आणि वेग कमी पण ओढ जास्त असा पंखा इंजिनला बसवलाय. बोटीतली जादा सीटसुद्धा उतरवली. नाक वर उचललं जाऊ नये म्हणून आपले इंजिनवाले मिस्त्री पुढे बसतील आणि तिथूनच मागे लक्ष ठेवतील. उथळ पाण्यात मागून धरायला आता कुणी नाही, तेव्हा खोल पाण्यातूनच ओढून काढायचं ठरवलंय.

तू काळजी करू नकोस असं मी लिहिणार आणि तू करणारच.

तुझा लोभ आहे तसाच राहो.
बारकू

दि. ९ मे

चि. बारकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं, त्याला तसंच ठेवून वाचलं. ह्यांना नीट जेवू घाल. तिकडे दोन घास जास्त गेले म्हणून तुझी बोट काही बुडत नाही. इथे ताटावरून अर्ध्यातच उठतात आणि वजन तरी तसूभर हलत नाही. माझ्या हातची पँट कमरेला अजून तेवढीच लागते.

थट्टा करते, पण मला रडू येतं रे. रात्री जागी होते तर हे पलंगाच्या कडेला बसलेले असतात. विचारलं तर म्हणतात, तू झोप. हा माणूस मला आहे तसा परत हवाय. तेवढं कर.

माया आहेच, पत्र मात्र लवकर टाक.
तुझी ताई

दि. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

जड माणूस लवकर उठत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फळ्यांवर उठला नाही तरी तो दोरामागे फरफटत येतोच, कारण तो तरंगत असतो. भावोजी आलेच नाहीत. दोर तारेसारखा ताणलेला, इंजिन किंचाळतंय, आणि बोट जागच्या जागी. जणू खांबाला बांधली होती. त्यांनी मूठ सोडली तशी बोट सुटली. पंख्यात काही अडकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही हा बाबांचा नियम मी पाळतो, म्हणून मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, बोटीमागचं सगळं पाणी घुसळून निघत होतं, फक्त भावोजींच्या पाठीमागे एका माणसापुरतं पाणी शांत होतं. आता ते बोटीत बसतात, पण मागे तोंड करायला तयार नाहीत. भावोजी म्हणतात, फळ्या जरासुद्धा डगमगत नाहीत, आणि कमरेवर दोन्ही बाजूंनी अंगठे रुततात. तिथे आपल्या तिघांच्या उंचीएवढं पाणी आहे, ताई. कुणाचे पाय टेकणार?

भावोजींनी अर्थ लावून टाकलाय. बाबा रागावलेत आणि आता त्यांना सोडणार नाहीत. हे ते इतक्या शांतपणे बोलले की मला धडकी भरली. खरं सांगतो, एरवी मला भीती वाटली नाही. बोट जड लागली की उलट बरंच वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

काय करू ते कळव. तुझा आधार असू दे.
बारकू

दि. १६ मे

चि. बारकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हातातली कात्री खाली ठेवली आणि दुकान बंद केलं.

बाबा रागावले म्हणे! जावयाला दुसरं ताट वाढून स्वतः अर्धपोटी उठणारा तो माणूस. अरे, आपल्याकडची रीत विसरलास का? धरणारा आपल्या मनाने कधी सोडत नाही. दोर ताणला की चालवणाऱ्याने हाक द्यायची, सोडा. त्या दिवशी ती हाक द्यायची वेळच आली नाही. आणि आता धरायला कुणी नाही, असं समजून तू हाक देतच नाहीस. मग ते काय करतील? धरून बसलेत बिचारे.

जड लागलं की बरं वाटतं, हे वाचून मला तुझा राग आला आणि लगेच ओसरला. मलाही बाप हवाय, बारकू. पण मधे माझा नवरा अडकलाय. हाक दे. देणार नसशील तर मी येते आणि मी देते.

रागावू नकोस. माझा जीव तुम्हा दोघांत आहे.
तुझी ताई

दि. २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी उभे राहिले. पार पलीकडच्या धक्क्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. धक्क्यावर बसून पोटभर रडले, पोटभर जेवले, आणि आत्ता आतल्या खोलीत घोरतायत. भर दुपार आहे, पण मी उठवणार नाही. रविवारच्या गाडीने पाठवतो.

हाक द्यायला मला तीन दिवस लागले. रोज काहीतरी निमित्त काढायचो, वारा आहे, इंजिन खोकतंय. आज सकाळी दोर ताणला. मग मोठ्याने म्हटलं, बाबा, सोडा.

पुढचं फक्त तुला लिहितो. भावोजींना दम लागला होता आणि पाण्याचा आवाज होता, त्यांना काही ऐकू आलं नाही. मिस्त्री पाठ फिरवून बसले होते. हाक दिली की धरणारा ‘सोडलं’ असं म्हणतो, आणि ते कानावर पडल्याशिवाय चालवणारा इंजिन वाढवत नाही, नाहीतर फळी धरणाऱ्याच्या तोंडावर बसते. बाबांनी हे माझ्याकडून किती घोटून घेतलं होतं ते तू पाहिलंयस. मी थांबलो. मागे पाहिलं नाही.

मग मी इंजिन वाढवलं, ताई.

बोट आता फार हलकी झालीय. मला ती तशी नको होती.

तुझा लोभ तेवढा सोडू नकोस.
बारकू