रेवणसिद्धचा पगार

३ नोव्हेंबर २००५, नांदेड

ओवाळून झालं, दादाने ताटात साडी ठेवली आणि लगेच उपदेश! "उज्वला, लग्न कर, नको करू, तुझं तू बघ. पण बँकेत तोंड उघडू नकोस." दादा रेल्वेच्या ऑफिसात, त्यामुळे नियम सगळे पाठ. विधवेने दुसरं लग्न केलं की नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन बंद. तोडगाही तयार – "देवळात हार घाला. रजिस्टर कशाला? आमच्या कॉलनीत दोघी तशाच राहतात. कोण बघतंय?"

वहिनी हसली. मी लाडू खात राहिले. पंचेचाळिसाव्या वर्षी लग्न, आणि तेही चोरून!

५ नोव्हेंबर, लातूर

बसमधून उतरून घरी आले तर आत्याबाई दारातच. (सासूबाईंना मी पहिल्यापासून आत्याबाई म्हणते.) "रेवणचा पगार आला का?"

पेन्शन हा शब्द या बाईने बारा वर्षांत एकदाही उच्चारलेला नाही. भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघी लातुरात होतो, त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. रेवणसिद्ध गावी थांबला – तिथे शिक्षक होता, शाळेला सुट्टी नव्हती. घर त्याच्यावर कोसळलं. तेव्हापासून जिल्हा परिषदेकडून जे येतं ते आत्याबाईंच्या लेखी त्यानेच पाठवलेलं असतं. पैसे आधी देवापुढे ठेवतात, मग किराणा. त्याचा फोटो मात्र भिंतीवर लावू देत नाहीत. "भिंतीवर मेलेल्याचा लावत्यात." फोटो पेटीत आहे.

या बाईला मी काय सांगू? मी लग्न करते, म्हणून तुमच्या लेकाचा पगार थांबणार?

६ नोव्हेंबर

व्यंकटराव सर आले होते, टेस्टच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन. ते क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, पेपर मी घरी तपासते – ओळख झाली ती अशीच. घसा पार बसलाय त्यांचा. एकेका बॅचला शंभरावर मुलं!

"वाचलं का? एक तारखेपासून जे नोकरीला लागतील त्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून कापायचं, बाजारात लावायचं, पुढे मिळेल ते मिळेल." मग खोकत हसले. "चला, सरकारी माणसंही आमच्या पंगतीला आली!"

क्लासची फी ऐकली तर डोळे पांढरे होतात. पण सरांना फंड नाही, पेन्शन नाही, काही नाही. घसा चालतो तोवर पगार.

"तुमची पेन्शन सोडू नका," तेही तेच म्हणाले. "म्हातारपणी दोघांना तेवढाच आधार. देवळात करू की…"

"तुम्हीसुद्धा देवळातच?"

त्यांचा चहा तसाच राहिला. जाताना आत्याबाईंनी त्यांच्या हातावर ज्येष्ठमधाची काडी ठेवली. "चघळत राव्हा. लई वरडून राहिले तुमी."

१४ नोव्हेंबर

बँकेत गेले होते. नोव्हेंबर म्हणजे सगळे म्हातारे रांगेत, आपण जिवंत आहोत हे सांगायला. मला एक सही जास्त – पुनर्विवाह केलेला नाही म्हणून. काउंटरवरचा पोरगा दरवर्षी ओरडूनच विचारतो, "बाई, दुसरं लग्न?"

मागून एक धोतरवाले आजोबा, "मला बी विचारा की सायेब! मी तयार हाय!" अख्खी रांग हसली. मीही हसले. पण खरंच, त्यांना का नाही विचारत? त्यांनी उद्या बोहल्यावर चढावं, पेन्शन चालूच!

सही न करताच परत आले. पेन विसरलं म्हणाले. पेन समोर दोरीला बांधलेलं होतं!

१५ नोव्हेंबर

दिवसभर चिडचिड. नियम करणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं – नवा नवरा बायकोला पोसेल, ठीक. त्या नव्या नवऱ्याला म्हातारपणी कोण पोसणार, हे कुणी बघितलं का? ज्याच्याकडे आहे त्याचं काढून घ्यायचं, ज्याच्याकडे नाही त्याला बाजार दाखवायचा. आणि याला म्हणायचं सुधारणा! वरणात मीठ दोनदा पडलं. आत्याबाई मुकाट्याने जेवल्या.

२१ नोव्हेंबर

सर आले नाहीत. गठ्ठा क्लासच्या शिपायाने आणून दिला.

२६ नोव्हेंबर

आज आले. आवाज जवळजवळ नाहीच, नुसता वारा. "देवळाचं बोललो ते चुकलं माझं. करायचं तर उघड करू. नाहीतर राहू द्या."

इतके दिवस हेच ऐकायचं होतं ना मला? आणि ऐकल्यावर मी काय केलं – नाही म्हणाले! "तुम्हाला पेन्शन नाही, माझी जाईल. ते जमवू हो कसंही. पण आत्याबाईंचा मुलगा दर महिन्याला घरी येतो. त्याला मी दारातून परत कसं पाठवू?"

आत त्या तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज मध्येच थांबला.

सर उठले. चप्पल घालताना नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

२९ नोव्हेंबर

उद्या शेवटची तारीख. सही करून टाकते. आता ती खोटी तरी नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "बँक कवा उघडती?" म्हटलं, कशाला? "असंच."

३० नोव्हेंबर

सकाळी आत्याबाई शेजारच्या गुरम्माला घेऊन कुठेतरी गेल्या. मी आवरून बँकेत पोचले, तर रांगेतला प्रत्येक जण पेढा खात होता! धोतरवाल्या आजोबांनी लांबूनच हात जोडले. काउंटरवरच्या पोराने या वेळी ओरडून विचारलं नाही. हळूच म्हणाला, "सासूबाई येऊन गेल्या तुमच्या. म्हणाल्या, सुनेचं लग्न ठरलंय. बारा वर्सं राबला माझा लेक, आता रिटायर करा त्याला."

घरी आले. समोरच्या भिंतीवर रेवणसिद्धचा फोटो. खिळा जरा वाकडा ठोकलाय.