अण्णांनी वचन मनावर घेतलं

कोपरगावजवळून,
फेब्रुवारी १९९७

प्रिय दादास,

धाकट्या बहिणीचा प्रभूमध्ये सलाम. अकोल्याच्या थंडीत वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे की नाही, ते कळव. आम्ही देवाच्या दयेने सुखरूप आहोत असं मी दर पत्रात लिहिते, पण या वेळी लिहायला हात धजत नाही. सुखरूप आहोत एवढं खरं. बाकी आठवडाभर घरात कुणाला घास गोड लागत नाही, आणि हे (म्हणजे तुझे पाळकसाहेब मेव्हणे) दाराची कडी वाजली की आधी खिडकीतून बघतात.

आमच्या गावचे रंगनाथअण्णा तुला आठवत असतील. ऊस, वीटभट्टी, पेट्रोल पंप, दुमजली बंगला, सगळं आहे. दिवाळीत पुण्याला नेऊन त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं आणि त्यातून उठतात न उठतात तोच पक्षानं त्यांना जिल्हा परिषदेला उभं केलं. निवडणूक आली की पुढाऱ्यांना आमच्या चर्चचा रस्ता सापडतो (एरवी तो रस्ता त्यांना डांबर टाकण्यापुरताही सापडत नाही), तसे अण्णा रविवारी उपासनेला आले. पहिल्या बाकावर बसले. मागे चार कार्यकर्ते. मंडळी ‘आमेन’ म्हणाली तेव्हा त्यातल्या एकानं सवयीनं ‘विजय असो’ म्हटलं.

आता उपासनेतली वाचनं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेली असतात, त्यात यांचा काय दोष? नेमका त्या दिवशी तो श्रीमंत तरुणाचा धडा आला, की असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि मग माझ्यामागं ये. आणि पुढे तो उंट आणि सुईचं नाक. यांनी एवढ्या हळू आवाजात वाचलं, की मागच्या बाकांवरून ‘मोठ्यानं’ असं दोनदा सांगावं लागलं. संदेशात तर बिचाऱ्यांनी खूपच सांभाळून घेतलं. म्हणाले, सुईचं नाक म्हणजे यरुशलेमची एक लहानशी वेस होती असं काही विद्वान मानतात, पाठीवरचं ओझं उतरवून गुडघे टेकले तर उंट तिच्यातून जाऊ शकतो. (अण्णांना वाईट वाटू नये म्हणून ही वेस. एरवी आमच्या घरी सुई म्हणजे सुईच असते.)

सोमवारी सकाळी अण्णा एकटेच आमच्या ओट्यावर हजर. म्हणाले, “पाळकसाहेब, रातभर इचार केला. त्यो उंट म्हंजी मीच हाय. वझं उतरून टाकतो.”

यांना वाटलं, उमेदवारी मागे घेतात की काय. पण अण्णा म्हणाले की पंप, भट्टी, बंगला, सगळं गरिबांना देऊन टाकायचं ठरवलंय. दादा, मी चहा घेऊन दारातच उभी राहिले. हा धडा हे आमच्या लग्नाच्या आधीपासून शिकवतात, पण तो ऐकून कुणी काही करायला निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आणि यांनी काय करावं? त्यांची समजूत घालायला लागले. म्हणे तो काळ वेगळा होता, म्हणे त्याचा आत्मिक अर्थ घ्यायचा असतो, म्हणे मुलाबाळांकडे बघा. माझ्या देखत माझा नवरा प्रभूच्या वचनातून वाट काढून देत होता आणि एक माळकरी माणूस ती वाट घ्यायला तयार नव्हता. माझ्या हातातला चहा निवून गेला.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. आमच्या मंडळीतल्या गोजरबाई, वयानं सगळ्यांत थोर, त्या मला हापशावर भेटल्या. म्हणाल्या, “येवढी वरसं ह्यो धडा आयकतीय, पर ह्ये मनावर घ्यायचं असतंय ह्ये कुनी बोललंच न्हाई.”

मग अण्णांचा थोरला, हर्षल, गावातली पोरं घेऊन चर्चच्या आवारात आला, की बापाला बाटवलं. मी आतून कडी लावून प्रार्थनेला बसले. हे बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले. तेवढ्यात अण्णा सायकलवरून आले (जीप कुणाला तरी द्यायची म्हणून त्यांनी वापरणंच सोडलं होतं) आणि मुलाला म्हणाले, “मला कुनी बाटवलं न्हाई. माळ हाय ती गळ्यातच हाय. दवाखान्यात पडलो हुतो तवा ह्यातलं येक बी संगं येईना, ह्ये मी डोळ्यांनी बघितलंय. खरं हाय ते खरं हाय, कुनी बी सांगितलेलं असू दे.” हर्षल रडायलाच लागला. पोरं आल्या वाटेनं निघून गेली. त्या दिवशी दगड पडला असता, दादा. अण्णा आले म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी निवडणुकीचे साहेब. विरोधकांनी तक्रार केली होती की मतदारांना पेट्रोल पंप वाटून आचारसंहितेचा भंग होतो आहे. साहेब समंजस होते, पण सोबतच्या कारकुनाला जबाब पुरा करायचा होता. मालमत्ता वाटा असं कुणी सांगितलं? हे म्हणाले, प्रभू येशूनं. वडिलांचं नाव? यावर हे इतका वेळ गप्प राहिले, की कारकुनानं ‘माहीत नाही’ असं लिहून टाकलं आणि ते खोडायला लावण्यासाठी यांना अक्षरशः हात जोडावे लागले. शेवटी साहेबांनी निर्णय दिला की मतदान होईपर्यंत कुठल्याही गरीब मतदाराला काहीही देता येणार नाही. गावानं निःश्वास टाकला. मतदानानंतर कोण कुणाला देतो?

अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, की ज्याला इथं मतच नाही त्याला दिलं तर? साहेब म्हणाले, त्याला कायद्याची हरकत नाही.

संध्याकाळी अण्णांनी बंगल्याचा खालचा मजला बीडकडच्या ऊसतोडीवाल्यांना उघडून दिला. कारखान्याच्या वाटेवर दरसाल त्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, गाव दरसाल त्यांच्यावरून जातं-येतं. त्यांना इथं मत नाही म्हणून ते गरीब आहेत हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याही नाही. आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच रंभाजी भडकून घरी आले. वचन आपलं, उंट आपला, आणि वाटप बीडला, असा त्यांचा मुद्दा. पंच कमिटीत ‘वाटप आधी मंडळीत व्हावं’ असा ठरावही मांडला गेला. यांनी तो नामंजूर केला, पण नामंजूर करताना तोंड उतरलेलं होतं, ते मी पाहिलं.

काल मी बंगल्यावर भाकरी घेऊन गेले. दिवाणखान्याच्या झोपाळ्यावर एका तोडकरणीचं तान्हं पंख्याखाली झोपलं होतं. त्याची आई फडात, आणि अण्णा फरशीवर बसून दोरी ओढत होते. प्रचाराला कुणी फिरकत नाही, पक्षाचे लोक फोन उचलत नाहीत. मी विचारलं, बरं वाटतं का? म्हणाले, “झोप लागती आता.” आठवडाभर मला धक्क्यावर धक्के बसलेत, पण हे ऐकून जे झालं ते वेगळंच होतं.

वहिनींना सलाम, मुलांना गोड पापा.

तुझी,
सुमन

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. अण्णांच्या पत्नी मुक्ताबाईंनी परवा भरदुपारी ताडपत्रीनं झाकलेला टेम्पो आणला. रंगीत टीव्ही, फ्रीज, शिवणयंत्र आणि तांब्यापितळेची भांडी. अण्णांच्या हाती लागू नये म्हणून. पाळकाच्या घरात संपत्ती कोण शोधणार, असं म्हणून पदर डोळ्यांना लावला, मग नाही कसं म्हणावं? आता हे फ्रीजला पाठ टेकून रविवारचा संदेश लिहितात. विषय ‘पृथ्वीवर धन साठवू नका’, आणि ऐकायला विरोधी उमेदवार येणार आहेत. तेव्हा सामान शुक्रवारी तुझ्याकडे पाठवते, मागच्या खोलीत ठेव. आणि ‘दादा आजारी, दोघे ताबडतोब या’ अशी तार कर, म्हणजे रविवारी आम्ही इथे नसू.

आणखी एक. हे म्हणतात, पाळकानं खोट्या तारेवर गाव सोडणं बरं नाही. त्यांचंही बरोबर आहे. तेव्हा शुक्रवारपर्यंत तू खरोखरच थोडा आजारी पडशील तर बरं.