चौदा गुळगुळीत पाट्या

तीर्थरूप देविदासमामा यांना, तुमचे पाय भोकरला आणि माझं डोकं कंधारला असल्यामुळं कागदावरच डोकं टेकवून गोलूचा नमस्कार.

मामीचा दमा कसा हाय? तुमचा गुडघा जिना चढताना अजून बोलतो का? इकडं मी खुशाल हाय, म्हणजे जेवण जातंय, फक्त झोप न्हाई. (राजकन्ये, मामांना वाचून दाखवताना झोपेचं वाचू नको. मामा लगेच कारण विचारतील, आणि कारण बरंच खाली हाय.) खरं तर फोनच केला असता, पण माझ्या नुसत्या "हॅलो"वरून तुम्ही ओळखता की गोलूनं काहीतरी करून ठेवलंय. पत्र तुम्हाला तुमच्या लेकीच्या, राजकन्येच्या आवाजात ऐकू येणार, आणि तिचा आवाज लहानपणापासून निष्पाप हाय. (हे पण सोड.)

तुम्ही शब्द टाकला म्हणून आप्पासाहेबांनी मला त्यांच्या संग्रहालयात ठेवलं, त्याला पाच महिने झाले. एका जागी पाच महिने! धर्माबादला मिरचीच्या आडतीत सतरा दिवस टिकलो होतो, ते पण शिंकत. इथं जीव रमलाय. जुनी कुलपं, तराजू, निजामाच्या काळची धान्याची मापं, एक दगडी हत्ती (सोंड न्हाई, पण रुबाब हाय). त्यात आप्पासाहेबांनी मनावर घेतलं, की आपल्या दारातून कुणीच माणूस हिरमुसून परत जायला नको. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, ज्याला दिसत न्हाई त्याच्या हातात वस्तू, आणि प्रत्येक वस्तूपुढं ब्रेलची पाटी.

आधी उताराचं सांगतो, कारण त्यात माझी चूक न्हाई. उतार लई झकास झाला, दिवसभर ऊन. ते ऊन बघून झाडलोट करणाऱ्या रुक्मिणबाईंनी त्यावर कुरडया घातल्या. मी म्हणलं, मावशी, खुर्चीवाला माणूस यायचा कुठून? तर म्हणतात, "आला का एक तरी आजवर?" मी म्हणलं, कसा येईल, कुरडया हायेत ना! तर म्हणतात, "येऊ दे की मग, उचलते." आता यात तोड कुठं हाय, तुम्हीच सांगा. कुरडया मात्र चांगल्या झाल्या, दोन मामीसाठी ठेवल्यात.

तर पाट्या. त्या करून आणायला मला लातूरला पाठवलं. पत्ता खिशात होता. पण अहमदपूरला गाडी थांबली, मी चहाला उतरलो, तिथं रामलिंग भेटला. तोच, माझ्यासंगं दहावीला बसला आणि माझ्यासंगंच उठला. लातुरात आता त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय. मजकूर बघून म्हणाला, "ठिपकेच ना? देतो की मोबाईलवरनं काढून. कशाला लांब फिरतो?" आणि दिले. चौदा पाट्या, काळ्या पाटीवर पिवळे ठिपके, असे टपोरे की डोळ्याचं पारणं फिटावं. आप्पासाहेबांनी पाठ थोपटली. सगळ्या गावानं कौतुक केलं. सगळ्यांना दिसत होते ना.

मागच्या मंगळवारी मी पाट्या पुसून राहिलो होतो. शिंक आली, डोळे मिटले, हात कुलपाच्या पाटीवर. मामा, हाताला काहीच लागलं न्हाई. दुसऱ्या पाटीवर फिरवला. घोटलेल्या फरशीवाणी गुळगुळीत. चौदाच्या चौदा! ठिपके छापलेले, उठलेला एक न्हाई. तुम्ही तीस वर्षं अंधशाळेत पोरांना हे ठिपके शिकवले, मलाही शिकवत होता, पण तेव्हा बाहेर पतंग होते.

मग डोकं चालवलं. कमलम्माच्या बांगड्यांच्या दुकानातून टिकल्या आणल्या आणि एकेका ठिपक्यावर चिकटवत बसलो. तिसऱ्या खेपेला कमलम्मा म्हणाली, "बायका किती रे तुला?" अडीच दिवसांत कुलपाची एक पाटी झाली. लगेच शाळेची सहल आली. पोरी गेल्या तेव्हा पाटी पुन्हा गुळगुळीत, आणि कुलपाची सगळी माहिती पोरींच्या कपाळावर बसून रांगेनं बसमध्ये चढली.

रविवारी उद्घाटन हाय. निमंत्रण पोचलंच असेल. पहिले पाहुणे तुम्ही. फीत कापायची, आणि पहिली पाटी बोटानं वाचून सगळ्या गावाला ऐकवायची. मांडव सांगितलाय. तहसीलदारसाहेब येणार. मी दिवसातून दहा वेळा त्या पाटीसमोर तुमचं बोट थांबलेलं बघतो. तसं ऊन बी लई वाढलंय, मामा. भोकरची गाडी आदळत येते, तुमचा गुडघा तसला. माणसानं तब्येतीला जपावं.

तुमचा आज्ञेतला भाचा,
गोलू

ता. क. वरचं घुमवून लिहिलंय. सरळ सांगायचं तर येऊ नका. मी आप्पासाहेबांना सांगतो, मामांना ताप आला. नोकरी राहील.

दुसरा ता. क. नोकरीचं सोडा. मी आजवर किती सोडल्या. खरी भीती वेगळीच हाय, ती आता लिहितो. आप्पासाहेब सारखे विचारायचे, मामांना विचारलंस ना? मी हाव म्हणायचो. म्हणून प्रत्येक पाटीखाली त्यांनी मोठ्या मानानं छापून घेतलंय, "मार्गदर्शन: देविदास मास्तर". मराठीत, आणि खाली ठिपक्यांत. चौदा ठिकाणी तुमचं नाव हाय, मामा, आणि ते सगळ्या कंधारला वाचता येतं, एक तुम्ही सोडून.

तिसरा ता. क. आप्पासाहेबांना मी विचारलं, उताराच्या गवंड्याला, रामलिंगला, कमलम्मालासुद्धा. तुम्हाला तेवढं विचारलं न्हाई. आज विचारतो. रविवारी नका, शुक्रवारीच या. तुमची ती ब्रेल लिहायची पितळी पट्टी, टोचा आणि जाड कागद घेऊन या. तुम्ही सांगाल तसं मी टोचतो. चुकलो तर हातावर मारा, पतंगाच्या वेळचं राहिलंय. आप्पासाहेबांना सगळं मी स्वतः सांगणार हाय, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. स्टँडवर मी सकाळपासून थांबतो. उतार मोकळा करून ठेवतो, गुडघ्याला पायऱ्या नकोत.

(राजकन्ये, आता हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाच. कंसांसकट.)