एका मिनिटाची चाचणी

अल-खोबर, सौदी अरेबिया
शनिवार, ९ फेब्रुवारी १९९१

हुसेनभाईंना उस्मानचा सलाम.

तुम्ही, उमामाभाभी आणि घरची सगळी खुशाल असाल अशी आशा करतो. मी सुखरूप आहे. लढाईच्या बातम्या ऐकून दाभोळनं एव्हाना मला दोनदा तरी दफन केलं असेल, पण काळजी नसावी. भोंगा वाजला की आम्ही मागच्या खोलीत जातो, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबतो आणि विषारी वायूसाठी दिलेला मास्क चढवतो. दाढीमुळे माझा मास्क नीट बसेना. आपल्या मालकांनी, अबू झयाननी, तळहातानं त्याचं तोंड दाबून मला श्वास घ्यायला लावला, हवा कुठून शिरते ते पाहिलं आणि सरळ कात्री हातात दिली. मालक अजून तसेच आहेत.

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही कदाचित पाकीट बाजूला ठेवाल. पण ही बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळावी असं वाटलं. आपलं विमानांच्या मीटरांचं दुकान बंद झालं.

ऑगस्टपासून खाजगी विमानांना आभाळ बंद आहे. घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातानं विमान बांधणारे आपले ते धाहरानचे वेडे इंजिनियर एकेक करून मायदेशी गेले. त्यांची विमानं कॅम्पात ताडपत्रीखाली पडली आहेत. नवे रेडिओ, नवे मीटर आणून विकायचे कुणाला? पण मालकांची तऱ्हा ऐका. दुरुस्तीला आलेली एक्केचाळीस यंत्रं शेल्फावर होती. म्हणाले, "न्यायला कुणी येणार नसलं तरी काम अर्धवट टाकून कुलूप लावायचं नाही." प्रत्येक यंत्र उघडलं, तपासलं, कार्ड बांधलं आणि पेटीत भरून ज्याच्या त्याच्या नावानं कॅम्पात पोचवलं. एकदा हवा खेचायच्या काचेच्या हंडीत मीटर चढवलेला असतानाच भोंगा वाजला. त्यांनी मास्क लावला आणि काटा वीस हजार फुटांवर जाऊन परत येईपर्यंत तिथंच उभे राहिले.

मला तुमची आठवण झाली. तुम्हीही असेच उभे राहायचात, नखानं काचेवर हलकी टिचकी मारून काट्याकडे बघत. गावच्या लोकांना अल्टीमीटर समजावताना तुम्ही त्याला उंचीचं घड्याळ म्हणायचात. तुमच्यासारखा हात मी इथं दुसरा पाहिला नाही, आणि आता मी बरेच पाहिले आहेत.

आमची अरवा तीन वर्षांची झाली. जुबेदा लिहिते, की लेक बोलायला लागली की थांबत नाही. आणखीही एक लिहिते. बंदरावरचे लाँचवाले होकायंत्र दुरुस्तीला तुमच्याकडे न देता रत्नागिरीला नेतात म्हणे. ज्याच्या हातानं सौदीत विमान पडलं त्याच्याकडे कोण देणार, म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मी रजेवर आलो होतो तेव्हा मशिदीच्या ओट्यावर लोकांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, खरं का रे? तुम्ही पाठमोरे बसून नमाजआधी हातपाय धूत, वजू करत होतात. मी चप्पल शोधत राहिलो.

आता लिहितोच.

अरवा झाल्याची तार आली तो दिवस. बाजारातल्या केबिनवर फोनसाठी माझा नंबर चार वाजता लागणार होता. हातातल्या मीटरची शेवटची चाचणी राहिली होती. हवा खेचायची, नळी बंद करायची आणि एक मिनिट काटा जागच्या जागी राहतो का ते बघायचं, एवढीच. तुम्ही विचारलंत, "झालं काय रे?" मी म्हणालो, "झालं." नेमाप्रमाणे कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख टाकली, कव्हर बंद केलं आणि पळालो. माझ्या शब्दावर तुम्ही कार्डावर सही केलीत.

महिन्याभरानं धुळीच्या दिवशी तो काटा दीडशे फूट जास्त दाखवत राहिला, आणि त्या साहेबांनी सात वर्षं खपून बांधलेलं विमान खारवट मैदानात आपटलं. हात मोडला, जीव वाचला. मालकांनी विचारलं तेव्हा मी दारात चहाचे ग्लास घेऊन उभा होतो. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि त्यांना म्हणालात, "साइन मेरा है. गलती भी मेरा." आठवड्यात तुमचा इकामा रद्द करून तुम्हाला मायदेशी धाडलं. मी निरोप द्यायलासुद्धा आलो नाही. काम आहे म्हणालो.

तो मीटर खालच्या खणात पडून होता. तीन वर्षं मी त्या खणाला हात लावला नाही, कारण आत माझं अक्षर होतं. परवा शेवटची पेटी गेल्यावर मालक म्हणाले, "यल्ला, तोही उघड. न तपासलेलं काही राहायला नको." मी स्क्रू काढले. आत माझं अक्षर नव्हतं. ते रबरानं खोडलेलं होतं आणि त्या जागी तुमच्या हातचं तुमचं अक्षर होतं. अपघातानंतर एक दुपारभर यंत्र तुमच्याकडे होतं, तेव्हाच केलंत ना?

म्हणजे मी सुटलो होतो. कुणाला कधीच कळलं नसतं. जेद्दाला जामीन राहणाऱ्या नव्या कफीलकडे माझी नोकरीही मालकांनी ठरवून ठेवली होती. मी कव्हर त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी कव्हर उजेडात धरून ते अक्षर पाहिलं. मग म्हणाले, "आधी राहिलेली चाचणी कर." मी हवा खेचली, नळी बंद केली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. काटा लगेच सरकायला लागला आणि मिनिट संपायच्या आत चारशे फूट घसरला. एक मिनिट, हुसेनभाई. त्या दिवशी मी केबिनवर पोचल्यावर माझा नंबर लागायला आणखी पाऊण तास लागला होता.

मालकांनी तुमचा पत्ता घेतला आहे, त्यांचं पत्र वेगळं येईल. जेद्दाची नोकरी देऊ का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी नको म्हणालो. वाट मोकळी झाली की घरी येतोय. जुबेदाला वाटतंय, लढाईमुळे येतोय. तिलाही मीच सांगेन.

हे सगळं गावच्या मशिदीच्या जमातीच्या नावे दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे, जुम्म्याच्या नमाजनंतर वाचून दाखवावं म्हणून. ते याच पाकिटात घालणार होतो. पण तुम्ही फाडून टाकाल, मी ओळखतो तुम्हाला. म्हणून ते थेट जमातीकडे पाठवलं.

माफी कागदावर मागत नाही. मी आलो की मला ओट्यावर सगळ्यांसमोर विचारा. या वेळी मी चप्पल शोधणार नाही.

ते कव्हर बरोबर आणतोय. तुमच्या अक्षराला हात लावलेला नाही. त्याच्याखाली माझं अक्षर परत लिहिलं आहे, आजच्या तारखेनं.

तपासलं,
उस्मान