वय बॅटरीचं झालं होतं

ती. दादा,

लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालणाऱ्या तुझ्या दोन्ही हातांना नमस्कार. गुडघे काय म्हणतात? रक्तदाब गोळीच्या धाकात आहे ना? वहिनीचा खांदा आता सुटला असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. सगळे म्हणजे मी आणि आमचे हे. ड्रोनची तब्येत हा या पत्राचा विषय आहे आणि त्यावर मी सावकाश येणार आहे, तेव्हा मध्ये बोलू नकोस. (पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून तर फोन न करता पत्र लिहितेय.)

तुझा निरोप वाचला. फक्त मीच नाही, घरच्या ग्रुपवरच्या झाडून सगळ्यांनी वाचला. "ते खेळणं विकून टाक आणि आता गप्प घरी बस." तर ऐक. मी विकणार नाही आणि घरीही बसणार नाही. गप्प तर मी तुझ्या धपाट्यांनंतरसुद्धा बसले नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू आयुष्यभर शाळेत मुलांना कवायत शिकवलीस, त्यामुळे हुकूम सोडला की पलीकडचा माणूस टाच वाजवून सावधान होतो अशी तुझी समजूत आहे. मी विश्राममध्येच उभी आहे.

मुळात तुझ्यापर्यंत पोचलेली हकीकत ही आमच्या ह्यांच्या तोंडची आहे, आणि हे तिथे नव्हतेच. (ते घरी कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातल्या प्रत्येक बिजागरीला इतकं तेल पाजलंय की आता दारं आपणहून उघडतात.) ह्यांनी तुला सांगितलं की ड्रोन गिरणीच्या मॅनेजरच्या डोक्यावर पडला. साफ खोटं. मॅनेजरच्या डोक्यावर सिमेंट पडलं. ड्रोन बराच बाजूला होता.

आता नीट सांगते. पाणी खात्याच्या तक्रार खिडकीत मी नोकरी कशी केली ते तू पाहिलंयस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गळतंय, झिरपतंय, ठिबकतंय, हेच कानांवर. पुढे ती खिडकी बंद झाली, तक्रारी कॉम्प्युटरवर गेल्या आणि मला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. (निवृत्त माणसाला घड्याळ देण्याची कल्पना ज्याला सुचली तो मला एकदा भेटावा.) मी म्हटलं, इतकी वर्षं गळती नुसती ऐकली, आता जरा डोळ्यांनी बघू. ड्रोन घेतला, रीतसर शिकले, परवाना काढला. वर्गात सगळी माझ्या भाच्यांच्या वयाची पोरं, आणि परीक्षेत पहिली मी. हे मात्र ग्रुपवर कुणी टाकलं नाही. तेव्हापासून मी छपरं तपासते. जिथे शिडी लावून चढायचं तर आधी विमा काढावा लागेल अशा जागांचे फोटो मी खाली उभी राहून आणते, आणि पत्रा कुठे सडलाय, बोल्ट कुठे निसटलाय ते सांगते.

त्या दिवशी कापड गिरणीचं छप्पर होतं. तिथले मॅनेजर म्हणजे शर्टाची घडी मोडेल म्हणून खाली न बसणारा माणूस. मी मनातल्या मनात त्यांना कडक इस्त्री म्हणते. सकाळी थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. बॅटरी पूर्ण भरलेली होती. कित्येक दिवस भरलेलीच होती, कारण मधल्या काळात मी सर्दीनं घरी होते आणि बॅटरी फ्रिजवर ठेवलेली होती, जिथं चांगली ऊब असते. तिला किंचित पोट सुटलं होतं. भरपेट जेवल्यावर माणसाला सुटतं तेवढंच. खाचेत सरळ बसेना, म्हणून मी अंगठ्यानं दाबली, खट् असा आवाज आला आणि मला वाटलं, बसली. पोट सुटलेली बॅटरी अंगठ्यानं दाबून बसवायची नसते, सरळ बाजूला काढायची असते, हे मला आज माहीत आहे. ते मी इथं एकदाच लिहितेय. पुन्हा विचारू नकोस.

गिरणीचं मागचं अंगण सिमेंटचं करायचं काम चालू होतं. सगळीकडे धूळ, म्हणून मी ड्रोन तिथं उभ्या असलेल्या एका टेम्पोच्या हौद्यातून उडवला. उडाला काय झोकात! छपराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी पत्रा न् पत्रा टिपला. तेवढ्यात टेम्पोवाल्याला कुणीतरी गाडी पुढे घ्यायला सांगितलं, आणि टेम्पोखालचा जो शेवटचा तुकडा राहिला होता तिथं सिमेंटचा ओला माल ओतला गेला. गवंडी लगेच फळी फिरवायला बसला. हे सगळं माझ्या पाठीमागे घडलं. माझे डोळे आभाळात होते, जिथं ते असायला हवेत.

शेवटी धुराड्याचा माथा राहिला होता. वारा समोरून, आणि मी ड्रोनला म्हटलं, चढ. रिमोटच्या पडद्यावर बॅटरीचे बेचाळीस टक्के दिसत होते. दादा, बेचाळीस! त्यात मी तुझ्या घरावरून चक्कर मारून आले असते. ड्रोन चढायला लागला आणि बेचाळीसचे एकदम नऊ झाले. मधले आकडे कुठे गेले ते मी आजही सांगू शकत नाही. हातातला रिमोट कर्ण्यासारखा वाजायला लागला. आता या यंत्राचा एक गुण असा की बॅटरी संपत आली की ते कुणाचं ऐकत नाही, जिथून उडालं तिथं परत निघतं. गुण चांगलाच आहे. फक्त ते जागा लक्षात ठेवतं, टेम्पो लक्षात ठेवत नाही. मी दांडी डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली, गयावया केली, शेवटी पाणी खात्यातली ठेवणीतली भाषा वापरली. वाऱ्याविरुद्ध जायला त्याच्यात जोरच उरला नव्हता. गवंड्यानं आरशासारख्या केलेल्या त्या ओल्या तुकड्याच्या बरोब्बर मधोमध ड्रोन उतरला. उतरला ते उतरला, वर चारही पंखे गरागरा फिरत राहिले. कडक इस्त्री तेव्हा काम बघायला जवळच उभे होते.

मी हसले नाही. हे मी शपथेवर सांगते. गवंडी हसला नाही, कारण त्याची सकाळ वाया गेली होती. त्याची मी तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितली. मॅनेजरांची मागणारच होते, पण त्यांनी पापण्यांवरचं सिमेंट पुसलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई, हे तुमच्या वयाला झेपणारं काम नाही."

"वय बॅटरीचं झालं होतं," मी म्हटलं. "माझं नाही."

माफी राहूनच गेली. पुढेही मागणार नाही.

फळी टाकून, तिच्यावर पालथी पडून मी ड्रोन बाहेर ओढला. त्याचा एक हात मोडलेला, कॅमेऱ्याचा डोळा सिमेंटनं मिटलेला. पण आतलं कार्ड कोरडं होतं. पहारेकऱ्याच्या खोलीत लॅपटॉपवर फोटो बघायला बसले, ते खरं सांगायचं तर रडू येऊ नये म्हणून. आणि एका फोटोशी थांबले. छपरावर पाण्याची मोठी टाकी आहे, लोखंडी घोडीवर उभी. त्या घोडीचा एक पाय बुडाशी गंजून पार चाळणी झाला होता आणि टाकी एका अंगाला कलली होती. तिच्या खाली घडीखातं आहे, जिथं बायका कापडाच्या घड्या घालतात.

मी लॅपटॉप घेऊन मॅनेजरांकडे गेले. ते केस धूत होते. "टाकी कित्येक वर्षं तिथंच आहे," ते नळाखालून म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू." सिमेंटचा राग टाकीवर काढत होते, दुसरं काय! मी खूप समजावलं. मग मी एक स्टूल उचललं, घडीखात्यात गेले आणि बरोब्बर टाकीखाली ठेवून बसले. म्हटलं, पुढच्या आठवड्यापर्यंत मीही इथंच आहे, जेवण घरून मागवते. (वर बघायचं मात्र मी टाळत होते. ते तू आमच्या ह्यांना सांगू नकोस.)

बायका जमा झाल्या. मी फोटो दाखवला. त्यांच्यात एक वयानं मोठी आहे, सगळ्या तिला अक्का म्हणतात. तिनं फोटो पाहिला, वर छताकडे पाहिलं, हातातलं कापड अर्ध्या घडीत तसंच ठेवलं आणि म्हणाली, "चला गं बाहेर." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही काय टाकी झेलायला बसलात का? उठा." मी उठले. अख्खं घडीखातं अंगणात येऊन उभं राहिल्यावर मॅनेजरांना ओल्या केसांनीच वेल्डरला वर पाठवावं लागलं. टाकी रिकामी केली. वेल्डरनं त्या पायाला नुसता हात लावला तर त्याचा तुकडा भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला. तो तुकडा त्यानं खाली आणून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि या वेळी तो सिमेंटनं नव्हता. "तुम्ही तिथं बसायला नको होतं," एवढंच ते मला म्हणाले. मी ती माफी समजून घेतली.

आता तू म्हणशील, हे सगळं खरं, पण ड्रोन पडला तो पडलाच. हो, पडला. का पडला ते मी दुरुस्तीवाल्याकडून खोदून खोदून काढलंय. भरलेली बॅटरी उबेत पडून राहिली की आतून बिघडते आणि फुगते. थंडीत आणखी मलूल होते. पडद्यावरचा टक्का हा नुसता अंदाज असतो, आमचे हे "पोचलोच" म्हणतात तसा. जमिनीवर सगळं छान दिसतं, आणि चढावर जोर मागितला की आतला एखादा कच्चा कप्पा मान टाकतो. झालं! यात माझ्या वयाचा संबंध कुठे आला? आता मी बॅटऱ्या अर्ध्या भरून ठेवते, थंडीत उडवण्याआधी कोटाच्या आतल्या खिशात ऊब देते, आणि जिला पोट दिसेल तिला निरोप देते. हा नियम बॅटऱ्यांपुरताच आहे. तुला आणि ह्यांना नाही.

तेव्हा ग्रुपवर जाहीर कर, की तुझी बहीण उडवणार. मोडला तर जोडून उडवणार. मला कुणाच्या परवानगीची गरज नाही, सल्ल्याची नाही, मदतीची तर अजिबात नाही. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी न ऐकणारी,
धाकटी

ता. क. गिरणीनं उरलेल्या सगळ्या इमारतींचं काम मलाच दिलंय. मॅनेजरांची एकच अट आहे. मी पडद्याकडे बघत असताना आभाळाकडे, जमिनीकडे आणि टेम्पोकडे बघणारा दुसरा माणूस हवा, आणि त्याचा आवाज अख्ख्या अंगणात पोचला पाहिजे. आमच्या ह्यांना एकदा उभं केलं होतं. ते फाटकाची बिजागरी बघत बसले. तेव्हा तू कधी येतोस ते कळव. शिट्टी घेऊन ये.

ता. क. २. वहिनीनं मला फोन केला होता. तिनं काय सांगितलं ते सांगायचं नाही असं तिनं सांगितलंय, म्हणून सांगत नाही. पण शाळा सुटल्यापासून तू दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसतोस, जिना उतरत नाहीस आणि समोरच्या कबुतरांना रांगेत बसा म्हणून ओरडतोस, हे माझं मलाच कळलं.

ता. क. ३. आला नाहीस तर ड्रोन तुझ्या बाल्कनीसमोर आणून उभा करीन. नवी बॅटरी बराच वेळ तग धरते.